उजव्या बरगडीखाली दुखतंय : पित्त, उसण की आणखी काही?

कर्वेरोडकर | मंगळवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, पण तीन दिवस धड झोप नाही म्हणून लिहायला बसलो.

वय ५६. मधुमेहाची गोळी सहा वर्षांपासून चालू, साखर बरी म्हणावी इतपत. रविवारी शाळेतल्या मित्रांबरोबर सिंहगडावर गेलो होतो. चढलो पायी, उतरलो जीपने (गुडघे). वर पिठलं-भाकरी, वांग्याचं भरीत, कांदाभजी, मडक्यातलं दही, सगळं रीतसर झालं. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ केली आणि उजवीकडे बरगडी संपते तिथे दुखायला लागलं. तिथून मागे पाठीकडे जातं. थांबत नाही, कमी-जास्त होतं एवढंच.

आतापर्यंत मिळालेले निकाल असे. बायको : पित्त. आई (वय ८१) : उसण भरलीय, कोणीतरी पायाळू माणूस शोध आणि कमरेत लाथ मारून घे. शेजारचे काका : मुतखडा, कुळथाचं कढण पी. ऑफिस : गॅस. औषधाच्या दुकानातला मुलगा : काही न विचारता दहा गोळ्यांची पट्टी. गोळ्या, कढण आणि ओवा तिन्ही झालं. लाथ बाकी आहे.

कोणाला असा अनुभव आहे का?

दुपारी १ ते ४ | मंगळवार, रात्री १०.२०

भज्यांच्या प्लेटी किती ते लिहिलेलं नाही. निदानाला ते लागतं.

कर्वेरोडकर | मंगळवार, रात्री १०.२३

दोन. दुसरी वाटून.

स्टेथो | मंगळवार, रात्री १०.३१

चेष्टा उद्या करू. काका, ५६ वय, मधुमेह, गड चढल्याच्या दिवशी सुरू झालेलं दुखणं. लॅपटॉप मिटा आणि ईसीजी काढून या. आत्ता, सकाळी नाही. स्कूटर स्वतः चालवू नका. घाम, धाप, जबड्यात किंवा हातात ओढ असं काही वाटलं तर सरळ १०८ ला फोन.

घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. हृदयाचा खालचा भाग श्वासपटलावर टेकलेला असतो. त्या बाजूचा रक्तपुरवठा अडला की कळ छातीत न येता पोटाच्या वरच्या भागात, बरगड्यांच्या कोनात येऊ शकते. सोबत मळमळ आणि ढेकर, म्हणजे हुबेहूब 'गॅस'. मधुमेहात नसा बोथट झालेल्या असल्या तर ती कळसुद्धा नीट येत नाही. बावीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सोडा पिऊन झोपलेले किती ऐकले ते सांगत नाही.

कर्वेरोडकर | बुधवार, सकाळी ७.४०

डॉक्टर ताई, मुलगा घेऊन गेला. ईसीजी दोनदा काढला, मध्ये रक्त घेऊन ट्रोपोनिन (हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी तपासणी) केलं. सगळं ठीक. पहाटे तीनला घरी. तिथल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं आणि सोनोग्राफी करून घ्यायला सांगितलं. बायकोने माझ्याकडे फक्त बघितलं, बोलली काही नाही.

दुखणं आहे तिथेच आहे.

मुठाकाठ | बुधवार, सकाळी ८.०५

पित्ताशयातला खडा. शंभर टक्के. मी गेलोय त्यातून.

माझी कथा : मेव्हणीच्या लग्नाचं जेवण, मठ्ठा-जिलबी, रात्री साडेअकराला झोपलो, दोनला जाग आली ती कळीनेच. उजवीकडे बरगडीखाली कोणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं, आणि तीच कळ उजव्या खांद्याच्या पात्याखाली. उठलो, बसलो, उलटी झाली, कशाने आराम नाही. साडेचारला जशी आली तशी गेली. सकाळी मी ठणठणीत, सगळ्यांनी ठरवलं जेवण बाधलं. दीड महिन्याने पुन्हा तेच, आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी सोनोग्राफी केली तर पिशवीत सात-आठ खडे. दुर्बिणीतून पिशवी काढली, दुसऱ्या दिवशी घरी.

माझ्या मामांची हीच शस्त्रक्रिया १९८६ मध्ये झाली होती, पोटावर वीतभर छेद, बारा दिवस दवाखान्यात. पिशवी काढण्याचं पहिलं ऑपरेशन १८८२ मध्ये बर्लिनला लांगेनबुख यांनी केलं, आणि दुर्बिणीतून पहिलं १९८५ मध्ये जर्मनीतच म्यूहे यांनी. आपल्याकडे डॉ. उडवाडिया यांनी मुंबईच्या जे.जे.मध्ये १९९० साली सुरुवात केली. म्हणजे शंभर वर्षं छेद तसाच, आणि मग पाच वर्षांत सगळं पालटलं. (बिछान्यावर पडून वाचलेलं आहे, वेळ होता.)

खडकमाळ | बुधवार, सकाळी ८.३०

मुतखड्याची कळ वेगळी हो. मागून, शेवटच्या बरगडीच्या खालून सुरू होते आणि जांघेकडे उतरते. माणूस एका जागी बसू शकत नाही. मी रात्री तीन वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होतो, वॉचमनने चोर समजून शिट्टी मारली. कर्वेरोडकर शांतपणे बसून धागा लिहितायत त्या अर्थी मुतखडा नसावा.

दुपारी १ ते ४ | बुधवार, सकाळी ८.३४

निदानाची ही पद्धत आवडली. धागा शुद्धलेखनासकट लिहिता आला तर मुतखडा नाही.

स्टेथो | बुधवार, दुपारी १.१५

ओपीडी संपली, आता सविस्तर.

'बरगडीखाली' म्हणजे एक खोली नव्हे, वाडा आहे. उजवीकडे यकृत, त्याच्या पोटाशी चिकटून पित्ताशय, मागे मूत्रपिंड, आतड्याचं वळण. डावीकडे जठर, प्लीहा, स्वादुपिंडाची शेपटी. छपरावर फुफ्फुसाचा तळ, म्हणून खालच्या भागात न्यूमोनिया झाला तर माणूस पोट धरून येतो. आणि या सगळ्यांना वेढणारी भिंत : बरगड्या, कूर्चा, स्नायू, नसा, कातडी.

तेव्हा पहिला प्रश्न अवयव कुठला हा नाहीच. दुखतंय ते बिऱ्हाड की भिंत? घरी करून बघण्यासारखं आहे. उताणे झोपा, दुखतं तिथे बोट दाबून ठेवा आणि हात न टेकता डोकं-खांदे उचला. पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतल्या अवयवांना ढाल मिळते. तरीही दुखणं तेवढंच राहिलं किंवा वाढलं तर भिंतीवर संशय. कमी झालं तर आत. पक्की खूण नाही, पण दिशा कळते.

बाकी प्रश्न :
जेवणाशी काही संबंध? श्वास भरून घेताना अडकतं का? कूस बदलताना? ताप? लघवी चहासारखी गडद, शौच पांढुरकं, डोळे पिवळे? शौच डांबरासारखं काळं? गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या घेता का? शेवटचा प्रश्न बरेच जण उडवून लावतात. त्या गोळ्यांनी जठरात व्रण पडतात आणि तेही इथेच दुखतात.

कर्वेरोडकर | बुधवार, दुपारी २.०२

डोकं उचलून बघितलं. कमी नाही झालं, उलट थोडं जास्तच. जेवणाशी संबंध नाही. श्वास मोकळा. ताप नाही, अंग जरा कसकसतं. लघवी, शौच ठीक. गुडघ्यासाठी गोळी महिन्यातून एखादी. बाकी रात्री जास्त जाणवतं, आणि बनियनचा काठ घासतो म्हणून दोन दिवस उघडाच झोपतोय. गरमीही आहेच म्हणा.

रानवाटा | बुधवार, दुपारी ३.४०

अंग कसकसतंय म्हणताय म्हणून लिहितो. ताप मोजत राहा. मला तीन वर्षांपूर्वी यकृतात गळू झालं होतं, अमिबाचं. सुरुवात अशीच, उजवीकडे जडपणा, खोकलं की बरगड्यांच्या मध्ये ठणका. मग रोज संध्याकाळी हुडहुडी भरून ताप. मी मलेरिया समजून आठवडा घालवला. सोनोग्राफीत मोठं गळू दिसलं, सुईने काढलं तेव्हा चॉकलेटी रंगाचा पू. मेट्रोनिडॅझोलचा कोर्स, तोंडाची चव महिनाभर गंजलेल्या खिळ्यासारखी.

जुलाब वगैरे काही झालं नव्हतं, तरी अमिबा आतड्यातून यकृतात पोचलेला. पाणी कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मी महिन्यातले वीस दिवस साइटवर आणि टँकरचं पाणी.

डावखुरा | बुधवार, दुपारी ४.१०

सगळे उजवीकडचंच बोलतायत. मला डावीकडे दुखतं, पळताना. वेगळा धागा काढू का?

पर्वती१०३ | बुधवार, दुपारी ४.२५

नको, इथेच घ्या. पळताना कुशीत चमक भरते ती बहुतेकांना कधी ना कधी होतेच. नक्की का होते यावर अजून एकमत नाही, पण भरल्या पोटी किंवा गोड सरबत ढोसून पळालं की जास्त होते एवढं आमच्या ग्रुपने स्वतःवर सिद्ध केलंय. वेग कमी करा, दीर्घ श्वास सोडा, दुखतं तिथे हाताने दाबून पुढे वाका. पोह्यांची प्लेट पर्वती उतरल्यावर, चढण्याआधी नाही.

स्टेथो | बुधवार, सायंकाळी ६.५०

पळणं थांबल्यावर चमक गेली तर काळजी नाही. पण डावीकडे बसल्या जागी दुखत असेल आणि नुकताच डेंग्यू, मलेरिया किंवा घसा सुजून लांबलेला ताप येऊन गेला असेल तर प्लीहा वाढलेली असू शकते. तेव्हा पळणं, क्रिकेट, गर्दीत धक्के खाणं बंद. वाढलेली प्लीहा मार लागून फुटते.

डेंग्यूत ताप उतरता उतरता पोटात जोराचं दुखायला लागलं तर ती धोक्याची खूण, बरं होण्याची नव्हे.

मणका | बुधवार, रात्री ८.१५

फिजिओथेरपिस्ट आहे. भिंतीच्या बाजूने दोन शब्द, कारण आमच्याकडे लोक सगळ्या तपासण्यांची फाईल घेऊन शेवटी येतात.

बरगड्यांच्या बारा जोड्या. वरच्या सात छातीच्या हाडाला थेट जोडलेल्या. आठवी, नववी, दहावी आपल्या वरच्या बरगडीच्या कूर्चेला टेकून. अकरावी-बारावी पुढून मोकळ्या. त्या मधल्या तिघींचा सांधा सैल झाला की बरगडीचं टोक वर सरकतं आणि नस चिमटली जाते. पेशंट सांगतो, वाकून बुटाची नाडी बांधताना 'टक्' झालं. सोनोग्राफी, एंडोस्कोपी, सगळं स्वच्छ येतं. बरगडीच्या कडेखाली बोटं अडकवून हलकेच पुढे ओढलं की नेमकी तीच कळ उठते. (हे स्वतःवर करू नका, भावावर तर नकोच.)

अजून एक. पाठीच्या मणक्यातून निघणारी नस बरगडीच्या खालून पुढे येते, त्यामुळे मणक्याचं दुखणं पोटावर पट्ट्यासारखं जाणवतं. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं आणि असा पट्टा आवळल्यासारखं दुखणं असेल तर मणक्याच्या टीबीची शंका घ्यावी लागते. असे दोन पेशंट मी स्वतः पाहिलेत, दोघांनी आधी सहा-सहा महिने मालिश करून घेतलं होतं.

निळी शाई | बुधवार, रात्री ९.३०

मी वैद्यकातली नाही. छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, तेव्हा मला यातलं दिसतं ते वेगळंच.

आपल्याकडे 'पित्त' हा एक शब्द चार कामं करतो. घशाशी आंबट आलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, पित्त. त्यावर आमसुलाचं पाणी. डोकं दुखून उलटी झाली, पित्त. आणि यकृतात तयार होऊन पिशवीत साठणारा हिरवट रस, तेही पित्त. वैद्यांचं पित्त आणखी निराळं. म्हणून 'पित्ताशयात खडा आहे' म्हटल्यावर माणूस विचारतो, मग थंड दूध घेऊ का? जठरातलं आम्ल आणि हा रस यांचा काही संबंध नाही हे मला स्वतःला साठीनंतर कळलं.

उलट दुखण्यासाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत! कळ येते आणि जाते. ठणका नाडीबरोबर पडतो. चमक क्षणाची. शूळ पिळवटतो. मुरडा आतड्याचा. आग, जळजळ, चुरचुर, सल, दडपण, अवघडणं, हुळहुळणं, सगळी वेगळी. डॉक्टरांकडे गेल्यावर मात्र आपण म्हणतो, "पित्त झालंय, गोळी द्या." दुखणं सांगायच्या ऐवजी निकाल सांगतो.

कर्वेरोडकर, तुम्ही दुपारी बनियनचं लिहिलंत ते सगळ्यांनी सोडून दिलं. मला ते खटकतंय. पोटातल्या खड्याला बनियन कसं टोचेल? तुमचं दुखणं यांपैकी कुठल्या शब्दातलं आहे, जरा लिहा बरं.

कर्वेरोडकर | बुधवार, रात्री १०.०५

बाई, शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. विचार करून लिहितो. कळ नाही. आग आहे. आणि मधूनच सुईसारखी चमक, पाठीकडून पुढे. वरून कातडी हुळहुळते, चटका बसल्यावर दुसऱ्या दिवशी असते तशी. डावीकडे तसं अजिबात नाही.

स्टेथो | बुधवार, रात्री १०.२०

बाई, तुम्हाला नमस्कार. ते मी वाचलं आणि गरमीवर सोडून दिलं.

काका, आरशात बघा. पाठीपासून पुढपर्यंत, फक्त उजवी बाजू. लाली, पुरळ, बारीक फोड काहीही. आज नसलं तर रोज सकाळी बघा. सोनोग्राफी ठरली आहे ती कराच.

कर्वेरोडकर | बुधवार, रात्री १०.३५

बायकोने टॉर्च घेऊन पाहिलं. काही नाही. सोनोग्राफी उद्या सकाळी, सहा तास उपाशीपोटी.

मुठाकाठ | बुधवार, रात्री १०.४०

चहासुद्धा नको हां. खाल्लं, विशेषतः तेला-तुपाचं, की पिशवी आकसून रस सोडते आणि मग आतलं धड दिसत नाही. स्निग्ध जेवणानंतर कळ येते तीही त्यामुळेच. पिशवी आकसते आणि खडा तोंडाशी अडकतो.

कर्वेरोडकर | गुरुवार, दुपारी १२.१०

मुठाकाठ जिंकले. पित्ताशयात ९ मिमीचा एक खडा. भिंत जाड नाही, बाहेर पाणी नाही, पित्तनलिका नॉर्मल. यकृतावर चरबी ग्रेड एक. एका सर्जनना रिपोर्ट दाखवला. त्यांनी पोटाला हात न लावता सांगितलं, शनिवारी दाखल व्हा, रविवारी काढून टाकू. विम्याचं कार्डही मागितलं.

मुठाकाठ | गुरुवार, दुपारी १२.१८

म्हटलं होतं! काढून टाका, सुटाल.

सदाहरित | गुरुवार, दुपारी १२.४५

घाई करू नका. ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री घ्या, सकाळी खडे पडतात. माझ्या चुलत्यांचे पस्तीस-चाळीस हिरवे खडे पडले. फोटो आहेत.

स्टेथो | गुरुवार, दुपारी २.३०

सदाहरित, ते खडे नव्हेत, साबण आहे. तेल, लिंबू आणि पाचकरस मिळून आतड्यात मऊ गोळे तयार होतात. उन्हात ठेवले तर वितळतात. पित्ताशयातला खडा बुडतो, हे गोळे बहुधा पाण्यावर तरंगतात. उलट एवढं तेल एकदम प्यायल्याने पिशवी जोरात आकसली आणि खरा खडा नलिकेत सरकला तर कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज. त्या सुजेची कळ पाठीत आरपार जाते, माणूस पुढे वाकून बसतो, आणि ती जिवावर बेतू शकते.

कुळथाचं कढण, पानफुटी हेही इथे कामाचं नाही. मुतखड्याला निदान बाहेर पडायला लघवीची वाट आहे. पित्ताशयाचा आणि लघवीचा रस्ता एक नाही.

आता खडा. तो आहे हे खरं, पण तो दुखतोय का? पित्ताशयात खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना जन्मभर त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणाने सोनोग्राफी करताना ते सापडतात. दुखऱ्या खड्याची कळ मुठाकाठांनी लिहिली तशी असते : येते, चढते, अर्धा तास ते काही तास राहते, जाते. सहा तासांच्या वर टिकली, ताप आला, श्वास घेताना दाबल्यावर श्वास अडकला, तर पिशवीला सूज आली असं समजतो. काकांचं चार दिवस अखंड चाललंय, ताप नाही, भिंत जाड नाही, आणि आग कातडीची. खड्याची तक्रार अशी नसते.

शनिवारची घाई नको. पोट हाताने तपासणाऱ्या दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.

दुपारी १ ते ४ | गुरुवार, दुपारी २.४१

थोडक्यात, चोर पकडला तो खरा, पण या चोरीतला नव्हे.

सदाहरित | गुरुवार, दुपारी ३.००

अ‍ॅलोपथीवाल्यांना घरगुती उपाय कधीच पटत नाहीत. तुमची फी बुडते ना.

व्यवस्थापक | गुरुवार, दुपारी ३.५०

या पुढचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. पॅथींचं युद्ध वेगळ्या धाग्यावर करावं. इथे माणूस दुखण्यात आहे.

कर्वेरोडकर | शुक्रवार, सकाळी ६.५५

डॉक्टर ताई. बाई. पाठीवर, मणक्याच्या उजवीकडे लाल चट्टा आणि त्यावर मोत्यासारखे बारीक फोड. पुढे बरगडीच्या कडेला दुसरा घोस. मधली रेघ ओलांडलेली नाही.

नागीण.

स्टेथो | शुक्रवार, सकाळी ७.०३

आजच औषध सुरू करा. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या गेल्या तर फोड लवकर सुकतात आणि दुखणं आवरतं.

निळी शाई | शुक्रवार, सकाळी ७.३०

अरेरे. आणि आधी काहीच कसं दिसलं नाही?

स्टेथो | शुक्रवार, दुपारी १.४०

लहानपणी कांजिण्या होतात, बरं वाटतं, पण विषाणू जात नाही. मणक्याजवळच्या नसांच्या गाठीत पन्नास पन्नास वर्षं झोपून राहतो. वय, मधुमेह, आजारपण, असं काही निमित्त मिळालं की जागा होतो आणि त्या नसेतून कातडीकडे निघतो. नस आधी दुखते, फोड काही दिवसांनी येतात. त्या मधल्या दिवसांत आम्हीही फसतो. कोणाची ईसीजी होते, कोणाची सोनोग्राफी, क्वचित कोणाचं अ‍ॅपेंडिक्सही निघतं.

काका, कांजिण्या झाल्या होत्या ना? आणि घरात लहान बाळ, गरोदर बाई कोणी आहे?

कर्वेरोडकर | शुक्रवार, दुपारी ३.१५

झाल्या होत्या, तिसरीत. घरात कोणी नाही, पण नात रविवारी येणार होती, दहा महिन्यांची. रद्द केलं. अ‍ॅसायक्लोव्हिर ८०० ची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस. मोबाइलला पाच गजर लावलेत, ऑफिसात सगळ्यांना कळलं. शनिवारचं ऑपरेशन रद्द. तिकडून फोन आला होता, कारण सांगितल्यावर ते म्हणाले, ठीक आहे, महिनाभराने करू.

आईचा सूर बदललाय. आता लाथ नको, गेरूचा लेप आणि मंत्र घालणारा एक जण भोरला आहे, तिकडे चल. तोंड आणि शेपूट जुळलं तर माणूस जातो म्हणते आणि दर दोन तासांनी पदर खोचून मोजायला येते.

निळी शाई | शुक्रवार, दुपारी ४.००

आमच्या आजीही हेच म्हणायच्या. डॉक्टर ताई, यात काही तथ्य?

स्टेथो | शुक्रवार, रात्री ८.२०

नस अर्ध्याच अंगाची असते, मधल्या रेघेशी संपते, म्हणून नागीण सहसा पलीकडे जातच नाही. वेटोळं पूर्ण झालेलं कोणी पाहिलेलं नसतं, त्यामुळे भीती पिढ्यानपिढ्या टिकते. प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्यांमध्ये पुरळ अंगभर पसरू शकतं, ती गोष्ट वेगळी, त्यांना दाखलच करावं लागतं. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

लेप काहीही नको, फोडांत जंतुसंसर्ग होतो. झाकून ठेवा. नातीला तुमच्यापासून नागीण होणार नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. खपल्या धरल्या की भेटा. आईंचं वय ८१, त्यांना कांजिण्या होऊन गेल्यात का तेवढं विचारा. आणि त्या मोजायला आल्या की मोजू द्या.

मुठाकाठ | शुक्रवार, रात्री ९.००

शंभर टक्के मागे घेतो. ऐंशी.

कर्वेरोडकर | पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०.३०

खपल्या पडल्या, पाठीवर तपकिरी डाग राहिलेत. आग सत्तर टक्के गेली. उरलेली रात्री येते, त्यासाठी नसांची एक गोळी चालू आहे, तिने सकाळी जडपणा येतो. पन्नाशीनंतर हे दुखणं मागे रेंगाळतं म्हणे. पन्नाशीपुढच्यांना लस असते, दोन मात्रा, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने, हे आता कळलं. बायकोसाठी चौकशी केली, किंमत ऐकून ती म्हणाली बघू.

दुसऱ्या सर्जनना दाखवलं. त्यांनी झोपवून पोट तपासलं, दहा मिनिटं प्रश्न विचारले. म्हणाले, खडा गप्प आहे, आपणही गप्प बसू. मुठाकाठांसारखी कळ आली, डोळे पिवळे झाले किंवा थंडी वाजून ताप आला तर लगेच यायचं. आणि एकदम उपास करून वजन उतरवायचं नाही, त्याने खडे वाढतात.

नात काल येऊन गेली.

साखरझोप | त्याच दिवशी, रात्री ११.४८

धागा आत्ता वाचला. माझी बहीण आमच्याकडे बाळंतपणाला आलीय, सिंहगड रस्त्याला. आठवा संपत आलाय. संध्याकाळपासून उजव्या बरगडीखाली दुखतंय, एकदा उलटी झाली. आई म्हणते बाळाचे पाय लागतात आणि पित्त आहे. ताई म्हणते दडपण आल्यासारखं आहे. उद्या सोमवारी तशीही तपासणी आहे. थांबलं तर चालेल ना?

स्टेथो | रात्री ११.५१

डोकं दुखतंय? डोळ्यांपुढे काजवे, अंधारी? चेहरा, हात सुजलेत? घरात बीपीचं यंत्र आहे?

साखरझोप | रात्री ११.५६

डोकं दुपारपासून दुखतंय. अंगठी निघत नाहीये चार दिवस. यंत्र बाबांचं आहे. १६२/१०८ आलं, पुन्हा घेतलं तर १६४/११०.

स्टेथो | रात्री ११.५७

निघा. तिचं नाव घातलंय त्या हॉस्पिटलला फोन करा, बीपीचा आकडा आणि 'बरगडीखाली दुखतंय' हे दोन्ही सांगा. डाव्या कुशीवर झोपवून न्या. गाडी नसेल तर १०८. गरोदरपणात बीपी एवढं वाढून यकृताला सूज येते, तेव्हा असंच दुखतं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. पोचलात की लिहा.

कर्वेरोडकर | रात्री १२.१०

मी धायरीत मुलाकडे आहे, गाडी आहे. कुठे यायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

साखरझोप | रात्री १२.५२

पोचलो. काकांनीच सोडलं. दाखल करून घेतलंय, शिरेतून औषध चालू केलं. रक्तातल्या प्लेटलेट कमी आणि यकृताचे आकडे वाढलेत म्हणाले. बाळाचे ठोके चांगले आहेत.

साखरझोप | मंगळवार, सायंकाळी ५.१५

काल पहाटे सीझर. मुलगी, एक किलो नऊशे, काचेच्या पेटीत आहे पण स्वतः श्वास घेतेय. ताईचं बीपी अजून गोळ्यांवर, दुखणं थांबलंय. आई बाहेर बाकावर बसून कर्वेरोडकर काकांच्या आईशी फोनवर बोलतेय, पाऊण तास झाला.